गोठ्यातली जावा

उत्तर कन्नड जिल्ह्यातील कुंभारवाडा हे गाव आमच्या पुष्कळशा वाचकांना नकाशावर चटकन सापडणार नाही. कारवारहून कद्रा मागे टाकून, अणशी घाट चढून जोयड्याकडे जाणारा जो रस्ता आहे, त्यावरचे हे गाव. उळवीच्या चन्नबसवेश्वराच्या दर्शनास जाणारे यात्रेकरू याच वाटेने जातात. भोवती काळी नदीच्या खोऱ्यातले अरण्य, घरांतून कोकणी आणि मराठी, कचेरीत कन्नड, आणि वर्षाचे चार महिने असा पाऊस की दोरीवरचे धोतर आठवडाभर वाळत नाही. या गावाहून एका वाचकबंधूंचे पत्र गेल्या पंधरवड्यात आमच्या हाती आले. विषय मोटारसायकलचा, परंतु पत्र वाचता वाचता तो आम्हांस मोटारसायकलपेक्षा बराच मोठा वाटू लागला, म्हणून यंदाचे हे सदर त्यालाच देत आहोत.

पत्राचा आशय थोडक्यात असा. वाचकबंधूंच्या वडिलांनी दांडेलीस नोकरीत असताना १९६९ साली एक जावा मोटारसायकल घेतली. सुटीच्या दिवशी ते तिच्यावरून गावी येत. जुन्या सुप्याचा बाजार त्या गाडीने पाहिला आहे. पुढे सुपा धरणाच्या जलाशयात ते गाव बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, आणि ज्या रस्त्यांवर ती धावली त्यांतले काही आज पाण्याखाली आहेत. वडील गेल्यावर गाडी गोठ्यात भिंतीशी उभी राहिली, तिला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. वाचकबंधूंच्या मनात असे की घरच्या पडवीतच ती उलगडून, दुरुस्त करून पूर्ववत चालू करावी. त्यांचे चिरंजीव हुबळीस अभियांत्रिकी शिकतात. त्यांना तीच गाडी मागची चौकट कापून, बसके हँडल आणि एकट्याची बैठक लावून नव्या तऱ्हेची करावयाची आहे. आणि चिरंजीवांच्या आजी म्हणतात, "ह्यांची गाडी आहे ती, कोणी पाना लावायचा नाही." मध्यंतरी भंगारवाला दोनदा दारावरून विचारून गेला. आम्ही कोणाची बाजू घेतो, असा पत्राचा शेवट आहे.

आजींविषयी पूर्ण आदर ठेवून आम्हांस प्रथम हेच सांगावेसे वाटते की, गाडी न हलविता ठेवणे म्हणजे तिचे जतन करणे नव्हे. कुंभारवाड्याच्या हवेत तर नव्हेच. भांडे फळीवर ठेवले तर ते फळीवर राहते, पण उभे इंजिन आतून झिजत राहते. टाकीतल्या पेट्रोलचा उडण्याजोगा अंश उडून तळाशी राळेसारखा चिकट थर उरतो. दमट हवा सिलिंडरात शिरते, ओतीव लोखंडाच्या भिंतीवर गंज चढतो, आणि त्यात पिस्टनच्या रिंगा रुतून बसतात. बेअरिंगच्या ज्या गोळ्या वर्षानुवर्षे एकाच जागी टेकून राहिल्या, तेथे बारीक खड्डे पडतात. गोठ्यात तर याहून वाईट, कारण जनावरांच्या मूत्रातला अमोनिया पितळ आणि तांबे खातो. ह्यांची गाडी जशीच्या तशी राहावी असे आजींना वाटते ते योग्यच, परंतु ती तशी राहिलेली नाही. दर पावसाळ्यात ती थोडी थोडी कमी होत गेली आहे.

आता ही गाडी कोण, कोठली, हे थोडे सांगितले पाहिजे, कारण तिच्या कुळाशी दुरुस्तीचा संबंध आहे. जावा हे नाव ऐकून पुष्कळांना पूर्वेकडचे बेट आठवते. त्याचा येथे काही संबंध नाही. १९२९ साली प्राग येथील फ्रान्टिशेक यानेचेक या कारखानदाराने जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून तिच्या मोटारसायकलीचा उद्योग विकत घेतला. दोन्ही नावांची रोमन लिपीतील पहिली दोन-दोन अक्षरे जोडून हे नाव झाले. चेक लोक ते 'यावा' असे उच्चारतात, आपण त्याचे जावा केले. मुंबईस या गाड्या बाहेरून आणून विकणारे रुस्तम व फारोख इराणी यांनी पुढे आयडियल जावा ही कंपनी स्थापून मैसुरास कारखाना उभारला आणि १९६१ साली तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. मद्रासेस बुलेट १९५५ पासून होऊ लागली होती, पोलंडच्या नमुन्यावरची राजदूत १९६२ पासून आली, आणि या तिघींनी मिळून आपल्याकडच्या दोन पिढ्यांना मोटारसायकल म्हणजे काय हे शिकविले. १९७३ साली मैसूर राज्याचे कर्नाटक झाले, आणि त्याच सुमारास मैसूरच्या जावाची येझदी झाली. इराणातील यज्द या नगरावरून ते नाव घेतले असे सांगतात. १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावे नव्या गाड्यांवर परत आली आहेत, पण त्या चार-स्ट्रोकच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या. जुनीला त्यांचा उपयोग नाही.

फटफटी हा शब्द मराठीने इंजिनाच्या आवाजावरून घडविला, आणि आमच्या मते तो मोटारसायकल या शब्दाहून सरस आहे. तरी जावाला तो तितकासा लागू नाही. ती टू-स्ट्रोक, म्हणजे दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा पेट घेणारी. चार-स्ट्रोकच्या बुलेटसारखी ती रमतगमत ठोके देत नाही, तिचा सूर एकसलग असतो. एकाच सिलिंडराला दोन बाजूंस दोन सायलेन्सर, किक मारण्याचा दांडा तोच पुढे वळवला की गिअरचा दांडा, गिअर दाबताना क्लच आपोआप सुटेल अशी योजना, संपूर्ण झाकलेली साखळी, आणि दिव्याच्या टोपीत खुपसायची खुंटीवजा किल्ली, अशा तिच्या खुबी होत्या. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. या इंजिनात झडपा नाहीत, त्या उघडझाप करणारा कॅमचा दांडा नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक, एवढेच मुख्य हलणारे भाग. एरवी सभ्य नोकरी करणाऱ्या, पण रविवारी बनियनवर बसून हात काळे करण्यात आनंद मानणाऱ्या गृहस्थासाठी जणू ती मुद्दाम बनविली होती. म्हणूनच पडवीत ती उभी करण्याची वाचकबंधूंची कल्पना आम्हांस भाबडी वाटत नाही.

तथापि पाना हाती घेण्यापूर्वी कपाट उघडावे. गाडीचे नोंदणीपत्र शोधावे, आणि त्यावरील चासी व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी ताडून पाहावेत. गंजावरून पॉलिश पेपर घासून क्रमांक वाचण्याचा मोह टाळावा. त्याने अक्षरेच पुसली जातात, आणि पुसट क्रमांकाकडे परिवहन कचेरी साहजिकच संशयाने पाहते. रॉकेलात भिजविलेली चिंधी आणि मऊ ब्रश पुरतो. १९६९ ची नोंदणी म्हणजे मैसूर राज्याच्या 'एम.वाय.' या अक्षरांचा क्रमांक असणार. पत्र सापडल्यास वारसाच्या नावे हस्तांतरासाठी ३१ क्रमांकाचा अर्ज, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी २५ क्रमांकाचा, पत्र हरवले असल्यास पोलिसांत वर्दी देऊन दुसऱ्या प्रतीसाठी २६ क्रमांकाचा. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ च्या जुलैपासून केंद्राच्या नियमांत 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणीही आली आहे. तीत क्रमांकात 'व्ही.ए.' ही अक्षरे येतात, प्रथम नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पण अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. जोयड्यास बाजाराला जावयाचे तर साधे नूतनीकरणच हवे.

चिरंजीवांनी हा भाग दोनदा वाचावा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : निर्मात्याने दिलेल्या ज्या तपशिलांवर नोंदणी झाली, त्यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे पुन्हा स्पष्ट केले आहे. व्हिंटेज नोंदणीतही चासी, सांगाडा वा इंजिन यांत भारी फेरफार झालेला चालत नाही. मागची चौकट कापली की दोन्ही वाटा बंद. आणखी एक सापळा भल्याभल्यांना ठाऊक नसतो. इंजिनाची बाहेरची पेटी तडकलेली निघाली आणि भंगारातून चांगली मिळाली, तर कोणालाही आनंद होईल. पण इंजिन क्रमांक त्या पेटीवरच असतो. नवी पेटी बसविली म्हणजे कागदाच्या दृष्टीने ती दुसऱ्या कोणाची गाडी झाली. तडा ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगने भरून घ्यावा, पेटी बदलू नये.

आता काम. पडवीचा जो कोपरा पावसाच्या झडीपासून दूर आहे तो घ्यावा, खाली जुनी ताडपत्री अंथरावी, आणि पहिला आठवडा काहीही खोलू नये. मोबाइलवर सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत : तारा कोठून कोठे जातात, केबल हँडलच्या कोणत्या अंगाने वळते, कोणत्या बोल्टखाली किती वॉशर आहेत. आज हे सर्व ओळखीचे वाटते, सहा महिन्यांनी नाही. बिस्किटांचे आणि फरसाणाचे रिकामे डबे जमवून प्रत्येकावर चिठ्ठी लावावी. गंजलेला म्हणून एकही मूळचा बोल्ट टाकू नये. मैसूरचा कारखाना बंद झाल्यानंतरही सुटे भाग बाजारात मिळतात, परंतु त्यांत सरस-निरस बरेच आहे, आणि नवा भाग बसत नाही तेव्हा जुना हाच एकमेव नमुना असतो.

अडकलेल्या पिस्टनबाबत उतावीळपणाने जितक्या गाड्या मेल्या, तितक्या गंजाने मेल्या नसतील. प्लग काढावा, सिलिंडरात डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण ओतावे, आणि दोन-तीन आठवडे रोज थोडे घालीत स्वस्थ बसावे. किकवर उडी मारू नये, तिचे दाते मोडतात. वरून हातोडा घालणे म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकविण्याचा खात्रीचा मार्ग. मुरल्यावर हेड उतरवून पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हळुवार ठोकावे, आणि जरा हलला की पुन्हा तेल. हे काम स्वयंपाकासारखे आहे, मंद आचेवर होते.

पिस्टन सुटला, सिलिंडर निघाला, की मनुष्याला वाटते निम्मे काम झाले. वास्तविक टू-स्ट्रोकचा जीव पिस्टनात नसून खाली क्रँकच्या दोन बाजूंच्या रबरी सीलांत आहे. हा मुद्दा आम्ही थोडा विस्ताराने सांगतो, कारण घरी दुरुस्त केलेल्या गाड्या बहुधा येथेच फसतात. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण थेट सिलिंडरात जात नाही. ते आधी खाली क्रँकच्या कोठडीत ओढले जाते, पिस्टन खाली आला की दाबले जाते, आणि बाजूच्या वाटांनी वर चढते. म्हणजे ती कोठडी हे इंजिनाचे फुप्फुसच. सील वाळून कडक झाले, आणि पंचवीस वर्षांत ते होणारच, की कोठडी बाहेरची हवा ओढू लागते. मिश्रणात पेट्रोल कमी, पेट्रोलाबरोबर येणारे तेलही कमी, उष्णता जास्त, आणि नवा घातलेला पिस्टन भर रस्त्यात पुन्हा जाम. क्लचच्या बाजूचे सील गेले असेल तर तिकडचे तेल आत ओढले जाऊन पांढऱ्या धुराचा लोट निघतो, आणि मिस्त्री कार्बोरेटर बदलीत बसतो. सबब पेटी पूर्ण उघडून दोन्ही सील आणि बेअरिंगे नवी घातल्याशिवाय हे इंजिन मिटू नये, वरून ते कितीही बरे दिसो.

यानंतरची तीन कामे पडवीत होत नाहीत, ती करण्याचा हट्टही धरू नये. सिलिंडर बोअर करून त्या मापाचा मोठा पिस्टन बसविणे, दाबून जोडलेला क्रँक सुटा करून नवा रॉड घालणे व तो पुन्हा नेमक्या सरळीत आणणे, आणि वाकलेली रिम वा हब लेथवर दुरुस्त करणे. कुंभारवाड्याहून त्यासाठी हुबळी किंवा बेळगाव गाठावे लागेल. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम व यंत्रकामाची परंपरा दीर्घ आहे, आणि तेथे मराठीतून भांडताही येते. (कारवारात हीच तक्रार कोकणीतून, दांडेलीत कन्नड-हिंदीतून करावी लागेल. पान्याला मात्र सर्वत्र पानाच म्हणतात.) सिलिंडर देताना नवा पिस्टन बरोबर द्यावा, म्हणजे बोअर त्या पिस्टनच्या मापाने होईल. आधी बोअर करून मग पिस्टन शोधणे म्हणजे आधी अंगरखा शिवून मग मापाचा मनुष्य शोधणे. रिंग बसविताना तिची दोन टोके पिस्टनवरील बारीक खुंटीपाशीच येतील हे पाहावे. ती सरकून सिलिंडरातील वाटेच्या तोंडाशी आली तर अडकून तुटते.

टाकीच्या गंजासाठी बाजारात तेजाब विकतात. आम्ही काकवी सुचवू. एक भाग काकवी आणि नऊ-दहा भाग पाणी भरून टाकी दोन-तीन आठवडे सावलीत ठेवावी. गंज सुटतो, खालचे चांगले लोखंड खाल्ले जात नाही. घरात गुऱ्हाळासारखा आंबूस वास येईल आणि मुंग्या येतील, हे आजींना आधी सांगून ठेवावे. ॲल्युमिनियमचे भाग मात्र काकवीत घालू नयेत, ती त्यांना खाते. नंतर सोड्याच्या पाण्याने विसळून, उन्हात कडकडीत वाळवून, आत तेल फिरवावे. टाकीला भोक असेल तर गावातल्या वेल्डिंगच्या दुकानी ती कधीही तशीच नेऊ नये. वर्षानुवर्षे रिकामी असलेल्या टाकीतही पेट्रोलची वाफ टिकून असते आणि ठिणगीने तिचा बॉम्ब होतो. ब्रेकचे जुने लायनर फुंकर मारून साफ करण्याची जी पद्धत आहे, तीही सोडावी. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ओल्या फडक्याने पुसून फडके टाकून द्यावे.

इथवर पिता-पुत्रांत मतभेद होण्याचे कारण नाही. तो रंग, बैठक आणि हँडल यांपाशी सुरू होतो. या ठिकाणी आम्ही चिरंजीवांच्या विरुद्ध जाऊ अशी वाचकबंधूंची अपेक्षा दिसते. तीही आम्ही सर्वस्वी पुरी करणार नाही.

कारण असे की, "गाडी मूळची होती तशी" या शब्दांचा अर्थ दोन तऱ्हांनी होतो. कारखान्यातून निघाली तशी, की वडील चालवीत होते तशी? पत्रासोबत आलेल्या छायाचित्रात मागील चाकाच्या बाजूस लोखंडी पट्टीचा एक आकडा आहे. वाचकबंधू लिहितात की वडील त्याला पिशवी अडकवीत, आणि येताना तीत दांडेलीहून आणलेला पाव असे. पुढील मडगार्डावर कुलदेवतेचे नाव हाताने रंगविलेले आहे. या दोन्ही गोष्टी मैसूरच्या कारखान्यात झालेल्या नाहीत. काटेकोर जीर्णोद्धार करणारे लोक, बंगळूर-पुण्याकडे त्यांची मंडळे आहेत आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीचा दिवस ते हौसेने पाळतात, त्यांतील काही जण हा आकडा कापून टाका आणि मडगार्ड घासून मूळच्या लालभडक रंगात न्या असे म्हणतील. प्रदर्शनात त्याचे गुण मिळतातही. आम्हांस ते मान्य नाही. कारखान्यातून तशा हजारो गाड्या निघाल्या. पावाच्या पिशवीचा आकडा असलेली एकच आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्या लोकांनी गाड्यांना काय काय लावले नाही? मुठींना प्लास्टिकच्या झुली, पाठीमागे दुधाच्या किटल्यांचे स्टँड, पत्नीला एका बाजूस बसता यावे म्हणून पायटा आणि साडीसाठी जाळी. गोव्यात तर पुढचे मडगार्ड पिवळे रंगवून 'पायलट' मंडळींनी मोटारसायकलची टॅक्सी केली. गाडी आपल्या सोयीची करून घेणे ही चिरंजीवांनी परदेशी चित्रे पाहून काढलेली नवी टूम नव्हे, त्यांच्या आजोबांनीही तेच केले होते.

फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की आजोबांचा आकडा दोन बोल्टांवर बसलेला आहे. ते बोल्ट सोडले की खाली कारखान्याची गाडी जशीच्या तशी सापडते. चिरंजीव करवत लावणार आहेत. तेव्हा आमचा निवाडा विचाराल तर तो असा : पान्याने जे लागते आणि पान्याने जे निघते, ते चिरंजीवांनी खुशाल करावे. करवत, वेल्डिंग आणि ग्राइंडर यांना पडवीत बंदी. बसके हँडल लावावयाचे तर मूळचे तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवावे. बैठकीत नवा फोम, गिऱ्हाइकी टायर, बाजूच्या पिशव्या, सर्व चालेल. सहा व्होल्टचा मूळचा दिवा अणशीच्या धुक्यात मेणबत्तीइतकाच उपयोगी आहे. त्याच्या जागी बारा व्होल्टचा संच आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविण्याचे तयार साहित्य मिळते, ते चिरंजीवांनी आपल्या अभियांत्रिकीच्या बळावर अवश्य बसवावे. जुना डायनॅमो आणि पॉइंटांची थाळी डब्यात, चिठ्ठीसह. हा बदल आम्ही हौस न मानता गरज मानतो, कारण त्या रस्त्यावर रात्री गवे येतात.

दोन बाबतींत मात्र त्यांनी मित्रांचे ऐकू नये. पहिली, सायलेन्सरच्या आतील जाळीदार नळी काढून आवाज वाढविण्याची फॅशन. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा केवळ आवाज दाबणारा डबा नसतो, बाहेर पडणाऱ्या वायूला तो जी लाट परत देतो तिच्यावर सिलिंडर किती भरेल हे ठरते. नळी काढली की आवाज वाढतो आणि जोर घटतो. शिवाय हे व्याघ्र प्रकल्पाचे रान आहे, येथे शांतता ही रहिवाशांची, दोन पायांच्या आणि चार पायांच्या, सामायिक मालमत्ता आहे. ती नळी काढावी जरूर, पण आत साचलेला कोळसा खरवडून परत घालण्यासाठी. दुसरी, साखळीवरचे झाकण काढून साखळी मिरविण्याची. जोयड्याच्या तांबड्या चिखलात उघडी साखळी एका पावसाळ्याची सोबती.

रंगाबद्दल एवढेच की मडगार्डावरील देवतेचे नाव राहू द्यावे. त्याभोवती पट्टी चिकटवून बाकीचे पत्रे रंगविता येतात. जुन्या आणि नव्या रंगांचा मेळ बसणार नाही. न बसो. टाकीच्या क्रोमवर थोडे डाग राहिले तरी हरकत नाही, नव्या मुलाम्यासाठी घासताना पत्रा पातळ होतो आणि टाकीच्या कडा बोथटतात. आजींना आम्ही एक काम सुचवितो : काय उतरवायचे आणि काय ठेवायचे, याची शेवटची संमती त्यांची असावी. त्या पाना लावू देत नाहीत, कारण त्यांना कोणी विचारलेले नाही, असे आम्हांस पत्राच्या ओळींमधून दिसले. गाडीच्या कोणत्या ओरखड्यामागे काय घडले हे घरात आता त्यांनाच ठाऊक असेल. चिरंजीवांनी भाग उतरविताना त्यांना खुर्ची टाकून जवळ बसवावे आणि त्या जे सांगतील ते चिठ्ठ्यांवर लिहून ठेवावे. डबे आहेतच.

गाडी सुरू होण्याचा दिवस येईल तेव्हा घाई करू नये. प्लगच्या भोकातून पिस्टन वर येण्याच्या किंचित आधी ठिणगी पडते ना हे मोजून पाहावे, पॉइंट ठेवले असतील तर त्यांची फट बघावी. पेट्रोलात टू-स्ट्रोकचे तेल घालूनच टाकीत ओतावे, आधी टाकीत आणि मग तेल असे नव्हे. या जुन्या इंजिनाला साधारण पंचवीस भाग पेट्रोलास एक भाग तेल लागते, नव्या बोअरला पहिले काही शे किलोमीटर किंचित अधिक द्यावे. धूर होईल, होऊ द्यावा. पहिल्या दिवशी अंगणातच, पाच मिनिटे चालवून पूर्ण थंड होऊ द्यावी, मग हेडचे नट पुन्हा आवळावेत. पहिला महिना घाटात उतरू नये : उतारावर थ्रॉटल मिटून गाडी गिअरमध्ये पळत राहिली की पेट्रोल बंद होते, आणि पेट्रोलाबरोबर तेलही. बुलेटवाल्यांना ही सवय चालते, जावाला नाही. कुंभारवाड्याहून उळवीपर्यंत जाऊन येणे, मध्ये दोनदा थांबत, एवढी मजल नव्या पिस्टनला पुरे.

आणि पेट्रोलविषयी एक नवी गोष्ट, जी वडिलांच्या काळी नव्हती. आज पंपावर मिळते त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषते, आणि त्या काळच्या रबराला फुगविते. कार्बोरेटरचे वॉशर, नळाचे बूच, पेट्रोलची नळी, हे सर्व इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराचे घालावे. जूनच्या पहिल्या सरीआधी टाकी आणि कार्बोरेटरची वाटी पूर्ण रिकामी करावी, टाकीत तेल फिरवावे, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सिलिंडरात सोडावे, आणि श्रावण संपेपर्यंत दर रविवारी किकचा दांडा हाताने सावकाश दोनदा फिरवून ठेवावा. गाडी गोठ्यात परत लावू नये, पडवीतच ठेवावी.